ठकूआत्याचं माप

आमच्या वाडीत बी.एस्सी. हा शब्द कुणाच्या जिभेवर बसलाच नाही. सगळे पंधरावी म्हणत. ‘आबाची सुमी पंधरावीला बसलीय.’ मलाही तोच शब्द आवडायचा, कारण त्यात पंधरा पायऱ्या दिसत आणि त्यातली एकही मला कुणी उचलून चढवलेली नव्हती. चौथीपर्यंत वाडीची शाळा, दहावीपर्यंत रोज डोंगर उतरून चालत जाणं-येणं, आणि मग कॉलेजसाठी लोणावळा. तिथं वलवणला माझी मावशी एका बंगल्यावर स्वयंपाकाला होती. तिच्या खोलीतली भिंतीकडची जागा माझी. तिथं ट्रंकेवर वही ठेवून मी शिकले आणि वाडीतली पहिली पदवीधर झाले. मुलींतली पहिली नव्हे, सगळ्यांतली पहिली. हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. पण निकाल लागला त्या आठवड्यात मी जे केलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि ते गाळून बाकीचं लिहिणं मला जमेना.

घरात आम्ही चौघं. आबा, आई, मी आणि ठकूआत्या. आत्या आबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि ती भावाकडं परत आली ती कायमची. घरात तिचा आवाज आधी ऐकू यायचा, मग ती दिसायची. पहाटे जातं, सकाळी शेणाच्या पाटीचा धप्प आवाज, दुपारी उखळ. उन्हाळ्यात त्या उखळाचा आवाज वेगळा असायचा. थंडीत गोळा करून माळ्यावर वाळत टाकलेली गेळफळं ती तेव्हा कांडायची. गेळाची फळं म्हणजे लिंबाएवढी, कडक, तपकिरी. त्यांची पूड नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. आत्या तोंडाला पदर बांधून कांडायची, तरी मधे मधे शिंकायची आणि प्रत्येक शिंकेनंतर मुसळाला शिवी द्यायची. आई चुलीपाशी हसत बसायची.

ही पूड नदीसाठी. वाडीखाली नदीला एक डोह आहे, त्याला जांभळीचा डोह म्हणतात. उन्हाळ्यात नदी आटून दगडगोटे उघडे पडतात, पण या डोहात पाणी राहतं, आणि नदीचे सगळे मासे तिथं येऊन दाटतात. वर्षातून एकदा, चैत्रात, अख्खी वाडी त्या डोहावर उतरायची. गेळाची पूड पाण्यात पडली की मासे गुंगतात आणि वर येतात, एवढंच बाहेरच्या माणसाला दिसतं. पण खरं काम माप ठरवण्याचं. जास्त पडलं तर सगळंच मरतं, कमी पडलं तर दिवस वाया. आमच्या वाडीत ते माप आत्याकडं होतं. तिचं सासरही याच नदीकाठचं, तिथं सासूकडून तिला आलेलं. ती लुगडं खोचून डोहात उतरायची आणि पाणी अंगावर मोजायची. इथं गुडघा, इथं कंबर, इथं छाती. मग बाहेर येऊन भात मोजायची आपली लाकडी अधोली हातात घ्यायची आणि सांगायची, इतक्या अधोल्या, त्यावर एक चिमूट नको. अंगानं धिप्पाड बाप्ये काठावर गप उभे असायचे. एरवी विधवा म्हणून जिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, तिच्या तोंडाकडं त्या दिवशी सगळी वाडी बघायची.

तिचे नियम होते. पूड डोहाच्या खालच्या अंगालाच टाकायची. वरचं अंग, जिथं मोठी कपार आहे, ते तिच्या भाषेत माशांचं माजघर. माजघरात कुणी जायचं नाही. मोठे मासे तेवढे हातानं उचलायचे. मग वरच्या बाजूला नदीची बारीक धार अडवायला रचलेले दगड काढून ताजं पाणी सोडायचं. कुशीवर पडलेली बारकी मासळी हळूहळू शेपटी हलवायला लागायची, सरळ व्हायची आणि निघून जायची. आत्या पाण्यात हात घालून त्यांना ढकलायची, “जावा गं बायांनो, पुढल्या साली या.” मग वाटे. जेवढ्या चुली तेवढे वाटे, सगळे सारखे. जो आला नाही, आजारी आहे, भांडून बसलाय, त्याचाही वाटा. आणि एकदा डोह मारला की पुढच्या चैत्रापर्यंत त्याला हात लावायचा नाही. जेठात तर नाहीच नाही, कारण तेव्हा माशांच्या पोटात गाभोळी भरलेली असते.

माझी पंधरावीची परीक्षा आणि डोह एकाच सुमाराला आले, म्हणून त्या साली मी गेले नव्हते. निकाल लागला तेव्हा करवंदं संपून जांभळं पिकायला लागली होती. मी कामशेतला उतरून, एसटी मिळाली तिथवर एसटीनं आणि पुढं चालत वाडीत पोचले, तर माझ्या आधी निकाल पोचलेला. आबा पारावर बसले होते. बोलायला कमी माणूस. पण त्या दिवशी आनंदानं त्यांचं भान सुटलं. सगळ्यांसमोर म्हणाले, “परवा समद्या वाडीनं माज्या घरी जेवायचं. मासं घालनार हाय मी.”

घरी आल्यावर आत्यानं त्यांना धरलं. “आबा, मासं कुटनं आननार हायस?”

“डोहातनं. दुसरं कुटनं?”

“डोह मारलाय आपुन. आन गाभोळीचं दिस हायेत. न्हाई जमायचं.”

“आता बोलून बसलोय की मी.”

“मग वाल घाल. वालाची आमटी आन भात. पोरीचं कवतिक वालानं कमी हुतंय व्हय?”

आबा मान खाली घालून विडी शोधत बसले. मला मात्र लागलं. माझ्या पदवीचं जेवण, आणि वालावर! वाल तर बारशाला असतात, तेराव्याला असतात. आज मला तेव्हाच्या त्या मुलीचा कान धरावासा वाटतो. पण तिच्या मनात काय चाललं होतं ते मी विसरलेले नाही. तिला वाटत होतं, आत्याला माप कळतं, पण का ते कळत नाही. आणि आपल्याला का ते कळतं.

आमच्या घरात कोनाड्याखाली ब्लिचिंग पावडरची पिशवी असायची. विहिरीत टाकायला ग्रामपंचायत देई, आणि ते काम आबांकडं होतं. पिशवीवरची सूचना त्यांना वाचून दाखवायचं काम माझं. सहावी-सातवीपासून विहिरीचं माप मीच काढत आले होते. माझा हिशोब सरळ होता. गेळ हे विष, ही पावडर म्हणजे औषध. जे पाणी माणसं पितात त्यात टाकतात ते. मासे वर येतील, आपण पाहिजेत तेवढे घेऊ, आणि उन्हानं पावडर उडून जाईल. प्रयोगशाळेत शिकले होते मी. चुलतभाऊ बाळू माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा, आठवीत शाळा सोडलेला. त्याला मी हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, “पंधरावी तू हायस. तू म्हनशील तसं.” हे वाक्य मला तेव्हा शाबासकीसारखं वाटलं होतं.

जेवणाच्या दिवशी आत्या सकाळीच सरपणाला रानात गेली, आणि आम्ही दोघं डोहावर उतरलो. मी विहिरीचं माप लक्षात ठेवून डोहाचं माप मनाशी काढलं होतं आणि खात्रीसाठी वर थोडी जास्त घेतली होती. शिवाय मी ती टाकली वरच्या अंगाला. म्हणजे दगडांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर ती सगळीकडं सारखी पसरेल. माजघरातच टाकली म्हणायची.

गेळानं मासा झिंगतो. तोंड वर काढून संथ फिरत राहतो, हातात घेतला तर झोपेत असल्यासारखा. इथं तसं काही झालं नाही. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग सगळा डोह एकदम फुटला. मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते. काठाच्या दगडांवर येऊन आपटत होते. कपारीतून हातभर लांबीच्या वामी सरपटत कोरड्यावर आल्या. खेकडे चढून जांभळीच्या मुळांना जाऊन चिकटले. बाळू आधी हसला, मग हसायचा थांबला. आणि मग सगळं शांत झालं. डोह पांढरा दिसत होता, सगळे पोट वर करून. मरळी होत्या, शिंगट्या होत्या, मळे होते, आणि त्यांच्या मधल्या जागेत बोटाएवढी, नखाएवढी पिल्लं, इतकी की पाणी दिसत नव्हतं. आम्ही आधी रचलेले वरचे दगड काढून मी ताजं पाणी सोडलं. आत्या सोडायची तसंच. पाणी आलं. पिल्लं त्याच्याबरोबर हलली, पण ती पाण्यानं हलत होती.

“सुमे, बास की,” बाळू म्हणाला. “जेवढं हायेत तेवढं भरू आन जाऊ.”

दोन मोठ्या पाट्या कावडीला लावून बाळूनं घेतल्या. तिसरी माझ्या डोक्यावर. चुंबळ नीट बसवून मी उभी राहिले तेव्हा मान खांद्यात गेली. भाताची पाटी, पाण्याचे हंडे, लाकडाचा भारा, हे सगळं मी लहानपणापासून वाहिलेलं. पण ते ओझं गप असतं. हे गप नव्हतं. पाटीत तळाशी अजून काहीतरी वळवळत होतं, आणि त्या प्रत्येक वळवळीला पाटी डोक्यावर सरकायची. बुळबुळीत पाणी केसांतून कानामागं, तिथून मानेवर, पाठीवर. डोळ्यांत गेलं की चुरचुरायचं. हात वर धरलेले, त्यामुळं पुसताही येईना. मधल्या चढाला उंबराखाली आम्ही ओझी उतरवली. बघते तर माझ्या परकरावर पिवळे मणी चिकटलेले. वरच्या मरळीचं पोट पाटीच्या काठानं दाबलं जाऊन गाभोळी बाहेर आली होती. मी ती हातानं झटकली. ती झटकली जाईना. मग मी पाला घेऊन पुसली, आणि तोच पाला पाटीवर झाकला. बाळूनं बघितलं आणि कावड उचलली.

वर धोंडूभाऊ गुरं घेऊन उतरत होते. वाडीतले आमच्या वडलांच्या वयाचे, थट्टेखोर. पाट्या बघून त्यांनी काठी टेकली. “आरं बाबौ! लय जड दिसतंय.”

“पंधरावीचं वजन हाय, भाऊ,” बाळू म्हणाला.

“मग जपून वाव्हा. खाली पडली तर परत पयलीपास्नं!” ते मोठ्यानं हसले. मग पाटीकडं परत बघितलं. “ठकूबाय व्हती का डोहावर?”

मी म्हटलं, “हं.”

एवढंच. ‘हं’ म्हटलं. पुढं जे झालं त्याची सुरुवात त्या ‘हं’मध्ये आहे, असं मला वाटतं. ती एवढी लहान होती की तेव्हा खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

अंगणात बायका जमल्या होत्या. पाट्या उतरवल्या तशी ओरड झाली, हसणं, ‘आगं मरळ बघ मरळ’. आत्या नुकतीच रानातून आली होती. डोक्यावरचा भारा टाकून ती पुढं आली, विळी ओढून बसली आणि पहिला मासा उचलला. कल्ला उघडला. मासा ताजा असला तर कल्ला लालभडक पाहिजे. हा धुतलेल्या चिंधीसारखा फिका होता. आत्यानं तो नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं. तिची नजर माझ्यावरून उघड्या दारातून आत कोनाड्याखाली गेली, जिथं पिशवी नव्हती, आणि परत माझ्यावर आली. तिला सगळं कळलं. फार वेळ लागला नाही.

शेजारची चंद्राकाकू म्हणाली, “ठकूबाय, तुमीच म्हनालता ना डोहाला हात लावायचा न्हाई म्हनून? आन आमाला बोलावलं सुदिक न्हाई!”

हा साधा टोमणा नव्हता. चुलींना न बोलवता डोह मारणं म्हणजे आमच्याकडं चोरीच.

आत्यानं विळीवर मासा फिरवला. “म्याच सांगितलं पोरांना. म्याच माप दिलं,” ती म्हणाली. “पोरीच्या जेवनाचं व्हतं. गेली माजी बुद्दी.”

“आसं व्हय,” चंद्राकाकू म्हणाली. त्या ‘आसं व्हय’मध्ये बरंच काही होतं. पण मासे भरपूर होते, जेवण फुकटचं होतं, आणि बायका विळ्या घेऊन बसल्या.

त्या जेवणाची चव माझ्या तोंडातून अजून गेलेली नाही. आईनं खोबरं भाजून, कोकमं घालून तांबडं कालवण केलं होतं. नव्या आंबेमोहराचा भात. आबा पंगतीतून फिरत होते, ज्याला त्याला आग्रह करत होते. त्यांना मी तसं आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझ्या ताटाशी आले आणि तळलेल्या गाभोळीचा मोठा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं वाढला. “खा, सुमे. तुज्यामुळं हाय हे समदं.” मी खाल्ला. आत्या वाढत होती. तिनं मासा घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “दाढ दुकतीया.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरात नव्हती. मला माहीत होतं कुठं असेल. डोहावर गेले तर ती कंबरभर पाण्यात उभी होती. टोपल्यानं मेलेली पिल्लं गोळा करून काठावरच्या खड्ड्यात टाकत होती. वास सुटला होता. मी काठावर उभी राहिले. मग पाण्यात उतरले. बराच वेळ आम्ही दोघी ते काम करत राहिलो.

“आत्या, मी आज सगळ्यांना सांगते,” मी म्हणाले. “पारावर जाऊन सांगते.”

“काय सांगतीस?”

“मी केलं म्हणून. तुझं नाव कशाला?”

तिनं टोपलं दगडावर ठेवलं. “माजं काय, चैत्राला एक दिस मान. तुजं तसं न्हाई. तुज्यामागं चंद्रीची पोरगी सातवीत हाय. धोंडूची नात यंदा शाळंत घालायचं म्हंत्यात. उद्या म्हनतील, शिकली आन डोह मारला. मंग कोन धाडील पोरींना?” आणि थोडं थांबून, “तू बोलायचं न्हाई. माज्या गळ्याची आन हाय तुला.”

मला रडू आलं. पण खरं लिहायचं तर त्या रडण्यात सुटल्याचा आनंद होता. तिनं शपथ घातली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. तिनं घातली नसती, तर मी पारावर गेले असते का? कितीदा स्वतःला विचारलं. उत्तर मला माहीत आहे.

पुढल्या चैत्रात मी रजा काढून वाडीत होते. लोणावळ्याला एका शाळेत मला नोकरी लागली होती. वाडी डोहावर उतरली. आत्या पाण्यात गेली, अंगावर पाणी मोजलं, अधोल्या सांगितल्या. पूड पडली. सगळे वाट बघत राहिले. वर आले ते थोडेसे मळे, नदी चढून आलेले, बोटाएवढे. वाम नाही, शिंगटी नाही, मरळ तर एकही नाही. कुणीतरी म्हणालं, “गाभोळीच्या दिसात मारल्यावर काय व्हनार?” दुसरं म्हणालं, “म्हातारीचं माप गेलं आता.” आत्या पाण्यात उभी होती. तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मी काठावर होते, नवी साडी नेसून, पगाराच्या पैशातली. माझं तोंड बंद होतं. त्याच्या पुढच्या साली माप धोंडूभाऊंना विचारलं गेलं. आत्या त्या दिवशी घरात बसून तांदूळ निवडत होती. डोहाला पूर्वीसारखे मासे लागायला किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. आत्याला परत कुणी बोलावलं नाही, हे मात्र मोजलं.

तिचं म्हणणं खोटं ठरलं नाही. चंद्राकाकूची पोरगी नर्स झाली. धोंडूभाऊंची नात कामशेतला बँकेत आहे. बाळूनं मुलीचं नाव शाळेत घालताना मास्तरांना सांगितलं, हिला सुमीसारखी पंधरावी करायचीय. बाळूही आजपर्यंत कुणाला काही बोललेला नाही. आम्ही भेटतो तेव्हा माशांचा विषय काढत नाही. या पोरींकडं बघून मला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं मला परवडत नाही. आत्या गेली तेव्हा मी उशाशी होते. तिनं काही विचारलं नाही, मी काही काढलं नाही. तिची अधोली तेवढी मी मागून आणली. लोणावळ्याच्या घरात टेबलावर आहे. तिच्यात मी पेनं ठेवते.

मागच्या महिन्यात वाडीच्या शाळेनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. पहिल्या खुर्चीत धोंडूभाऊ, खूप थकलेले, कान गेलेले, आणि कान गेलेल्या माणसाला असतो तसा आवाज चढलेला. सूत्रसंचालक मुलीनं त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले नाहीत. बसूनच म्हणाले, “सुमी हुशार. लय हुशार. तिची आत्या बी हुशार व्हती, पर डोह मारलान तिनं! एका जेवनापायी!” आणि हसले. सगळे हसले. पोरं हसली, ज्यांनी आत्याला कधी बघितलंही नव्हतं. मी व्यासपीठावर शाल सावरत होते. मीही हसले.

त्या हसण्यानंतर मी हे लिहायला बसले. आत्यानं शपथ घातली तेव्हा पोरींसाठी घातली होती. पोरी आता शाळेत जातात, त्यांना कुणी थांबवणार नाही. शपथेचं कारण केव्हाच संपलं होतं, मीच ती वापरत राहिले. येत्या रविवारी वाडीला जायचं आहे. पेनं काढून अधोली पुसून ठेवलीय, ती बरोबर नेणार. धोंडूभाऊ दुपारचे पारावर असतात. त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. त्यांच्या कानाशी ओरडावं लागेल, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल इतकं.